आजोबांचे शिसवी मेज, चामड्याची खुर्ची आणि कोथरूडचा पहिला पावसाळा

शमी, २४ जुलै

नमस्कार. सदाशिव पेठेतील आमचा वाडा पुनर्विकासासाठी पाडला गेला, तेव्हा आजोबांचे लिहिण्याचे मेज आणि त्यांची चामड्याची खुर्ची मी कोथरूडच्या घरी आणली. आजोबा वकील होते आणि साधारण १९५० च्या सुमारास हे मेज त्यांनी शिसवी लाकडात मुद्दाम बनवून घेतले, असे आई सांगते. वरच्या फळीत मधोमध हिरव्या चामड्याचे अस्तर बसवलेले आहे, दोन्ही बाजूंना तीन-तीन खण आहेत आणि पितळी मुठी मूळच्याच आहेत. वाड्यात इतकी वर्षे या सामानाला काही झाल्याचे आम्हांला आठवत नाही. माझ्याकडे येऊन त्याला अवघे आठ महिने झाले आहेत, आणि या एका पावसाळ्यात त्याची जी अवस्था झाली आहे ती पाहून मला फार अपराधी वाटते.

खुर्चीच्या पाठीवर आणि हातांवर पांढरट-हिरवट बुरशी आली. मी ती ओल्या फडक्याने पुसली, पण आठवड्याभरात ती पुन्हा आली आणि या वेळी अधिक पसरली. मेजावर कोणीतरी चहाचा पेला ठेवल्यामुळे पांढरे वर्तुळ उमटले आहे. उजवीकडचे दोन खण इतके घट्ट बसले आहेत की ओढताना मूठ उपटून येईल असे वाटते. मागच्या एका पायापाशी फरशीवर बारीक पिवळसर भुकटी दिसते. झाडून काढली तरी दोन-तीन दिवसांत पुन्हा पडते. हिरव्या अस्तराच्या कडांना बोट लावले तर बोटाला तांबूस पूड लागते. सुतार येऊन पाहून गेले. खणांना रंधा मारून देतो आणि संपूर्ण मेज घासून नव्याने पॉलिश करून देतो, असे ते म्हणाले. नात्यातील एका ज्येष्ठ बाईंनी खुर्चीला आणि मेजाला खोबरेल तेल लावण्यास सांगितले आहे. याखेरीज दिवाणखान्यातील आठ वर्षांपूर्वी लेदरचा म्हणून घेतलेला सोफा सोलवटू लागला आहे, पण त्याची मला तितकी काळजी नाही.

यांपैकी कोणते काम आत्ताच करायला हवे आणि कोणते थांबवायला हवे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सुतारांना मी रविवारी येण्यास सांगितले आहे.

रंधा, २४ जुलै

शमीताई, सुतारांना रविवारी येऊ नका असे आजच कळवा. आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम आणि पॉलिशकाम चालत आले आहे, भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये माझे रोजचे जाणे-येणे आहे, आणि पावसाळ्यात रंधा मारलेले जुने खण दुरुस्त करण्याची वेळ माझ्यावर दर उन्हाळ्यात येते, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

लाकूड तोडून शंभर वर्षे झाली तरी ते हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, त्याच्या मापात जवळजवळ फरक पडत नाही. रुंदीत मात्र पडतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतील आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसेंदिवस ८० च्या वर राहते. लाकडाच्या दृष्टीने ही दोन निरनिराळी गावेच आहेत. तीन फूट रुंदीची सागवानी फळी घेतली तर या दोन टोकांमध्ये तिच्या रुंदीत चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. जुन्या कारागिरांनी खणाभोवती जेमतेम एक मिलिमीटरची मोकळीक ठेवलेली असते, त्यामुळे खणाची दर्शनी फळी थोडी फुगली की खण अडतो. आज रंधा मारला तर खण आज सुटेल, पण मार्चनंतर तोच खण खडखड करील, तिरपा बसेल आणि कुलूप लागणार नाही. काढलेले शिसवी लाकूड परत आणता येत नाही.

आत्ता एवढेच करा. जो खण निघतो तो पूर्ण बाहेर काढा आणि त्याच्या जागेतून हात घालून अडलेला खण मागून दोन्ही कोपऱ्यांवर सारखा दाब देत पुढे ढकला. मुठीला धरून ओढू नका. खण निघाले की रिकामे करून चार-पाच दिवस सावलीत, पंख्याखाली, उभे ठेवा. नंतर खाली घासणाऱ्या पट्ट्यांवर पांढरी मेणबत्ती घासा. साबण घासण्याची पद्धत अनेक घरांत आहे, परंतु साबण स्वतःच ओलावा धरतो. तेल तर अजिबात नको.

संपूर्ण मेज घासून काढण्याचा बेतही सोडून द्या. त्या काळातील मेज बहुधा चपड्याच्या पॉलिशचे असते, ज्याला आपण फ्रेंच पॉलिश किंवा स्पिरिट पॉलिश म्हणतो. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात, ती स्वच्छ करून तिचे पातळ पापुद्रे बनवतात. तो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याने शेकडो हात फिरवून हे पॉलिश चढवलेले असते. त्याची खात्री करून घेणे सोपे आहे. मेजाच्या मागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या काडीने स्पिरिटचा एक थेंब लावा आणि अर्धा मिनिट थांबा. जागा चिकट झाली आणि कापसावर तपकिरी रंग उतरला तर तो चपडा. स्पिरिटने काही झाले नाही, पण थिनरने जागा मऊ पडली तर लॅकर. दोहोंनी काहीच झाले नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांसारखे आधुनिक पॉलिश, म्हणजे मधल्या काळात कोणीतरी मेजावर काम केलेले आहे. ही परीक्षा केल्याशिवाय मेजावर काहीही लावू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण एका पॉलिशचे औषध दुसऱ्या पॉलिशला विष ठरते. चपडा अल्कोहोलमध्ये विरघळतो, त्यामुळे अत्तराची कुपी किंवा हातांच्या सॅनिटायझरची बाटली अशा मेजावर कधीही ठेवू नका. करोनाच्या काळात सॅनिटायझरच्या डागांची जितकी मेजे माझ्याकडे आली, तितकी त्याआधी कधीच आली नव्हती.

आता पांढरे वर्तुळ. डाग पांढरा आहे याचा अर्थ ओलावा पॉलिशच्या थरात अडकला आहे आणि लाकडापर्यंत पोहोचलेला नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. केस वाळवण्याचे यंत्र सर्वांत मंद उष्णतेवर ठेवून, वीतभर अंतरावरून, काही सेकंद फिरवा आणि थांबा; पृष्ठभाग हाताला कोमट लागावा, गरम नव्हे. दोन-तीन दिवस असे केल्यावर डाग पुष्कळदा फिका पडतो. पूर्ण गेला नाही तर तसाच राहू द्या. उरलेला डाग स्पिरिट लावलेल्या, पण जवळजवळ कोरड्याच असलेल्या बोळ्याचा एक-दोनदा ओझरता हात देऊन जातो, पण ते काम पावसाळ्यात करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प धरते आणि नवे पॉलिशच पांढरे पडते. जुने पॉलिशवाले दसऱ्याशिवाय अशा कामाला हात लावत नसत, त्याचे कारण हेच. डाग काळा असता तर मी वेगळे सांगितले असते, कारण काळा डाग म्हणजे पाणी लाकडात उतरून त्यातील टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, लोखंडाशी प्रक्रिया झालेली असते. तो काढायला ऑक्झॅलिक आम्ल लागते आणि ते विषारी असल्यामुळे जाणत्या माणसाकडेच सोपवावे.

भुकटीविषयी एक प्रश्न. ती चिमटीत धरून पाहा. मैद्यासारखी मऊ लागते, की रव्यासारखी दाणेदार? आणि पायावर किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का? याचे उत्तर आल्यावर पुढचे लिहितो.

मेज बाहेरच्या भिंतीला टेकवलेले असेल तर आजच निदान वीतभर पुढे घ्या. वाड्याच्या जाड भिंती बाहेरचा बदल सावकाश आत येऊ देत, आणि खोल्यांतून वारा फिरत असे. सदनिकेत सहा इंचांची बाहेरची भिंत पावसात ओली होते, खिडक्या दिवसभर बंद राहतात, आणि भिंत व फळी यांच्यामधील हवा तिथेच कोंडून राहते. तुमच्या हातून काही चुकले असे मानू नका. सामानाची हवा बदलली आहे.

ग्रंथबांधणी, २५ जुलै

लाकडाविषयी वर जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी एका ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची बांधणी आणि जतन हे काम बावीस वर्षे केले असल्यामुळे चामड्याविषयी लिहितो. आपल्या घरी तीन चामडी आहेत असे आपण म्हणता, परंतु ती तिन्ही वेगळी आहेत आणि तिसरे बहुधा चामडे नाहीच.

मेजावरील हिरवे अस्तर सर्वांत नाजूक आहे, म्हणून आधी त्याविषयी. झाडांच्या साली आणि फळे वापरून चामडे कमावण्याची पद्धत जुनी आहे. कोल्हापुरी चपलेचे चामडे आजही बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. अशा चामड्यात हवेतील गंधकयुक्त वायू वर्षानुवर्षे शोषले जाऊन आम्ल तयार होते, ते आतील तंतू तोडते आणि चामड्याची तांबूस पूड होऊ लागते. एकोणिसाव्या शतकातील चामडी बांधणीच्या ग्रंथांवर हा विकार आम्ही नेहमी पाहतो. त्याला लाल कूज म्हणतात, पण ती बुरशी किंवा कीड नव्हे, आणि झालेली हानी भरून निघत नाही. ती पुढे वाढू नये एवढेच पाहता येते.

या अस्तराला पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नका. कूज लागलेले चामडे भिजले की काळे पडते, कडक होते, आणि तो काळेपणा कायम राहतो. तेल, मलम, बुटांचे पॉलिश यांपैकीही काही लावू नका. पूर्वी ग्रंथालयांत अशा चामड्याला तेल चोळण्याची पद्धत होती. आता जतनाचे काम करणाऱ्यांनी ती सोडून दिली आहे, कारण तेलाने पूड थांबत नाही, उलट धूळ धरते आणि चामडे आणखी काळवंडते. पूड बसवण्यासाठी हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज नावाचा पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून हलक्या हाताने लावतात. मात्र तुमच्या अस्तराच्या चारी बाजूंना चपड्याचे पॉलिश आहे आणि अल्कोहोलचा ओघळ त्यावर गेला तर ते विरघळेल, म्हणून हे काम घरी करू नये. सध्या मऊ कोरड्या ब्रशने सुटी पूड अलगद झटका आणि वर धुतलेले पांढरे सुती कापड पसरून ठेवा. मेजावर काच टाकण्याचा मोह टाळा. आपल्याकडे अनेकांना काच हा संरक्षणाचा उपाय वाटतो, परंतु काचेखाली ओलावा कोंडतो आणि चामडे काचेला चिकटते. काच हवीच असेल तर कोपऱ्यांना आणि मधे बारीक टेकू देऊन ती वर उचललेली असावी.

आता खुर्ची. ओल्या फडक्याने पुसल्यामुळे बुरशीला जे हवे होते तेच तिला मिळाले. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात. हवेची आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली आणि हवा हलली नाही की ते रुजतात. म्हणून बुरशी पुसणे हा उपायाचा लहान भाग आहे आणि खुर्ची कोरडी ठेवणे हा मोठा. पाऊस उघडला असेल त्या दिवशी खुर्ची गच्चीत, सावलीत न्या. नाकातोंडावर मास्क लावून, मऊ ब्रशने, वाऱ्याची दिशा घराबाहेर असेल असे पाहून बुरशी झटका. शिवणी, बटणांच्या खळग्या आणि बैठकीखालचे कापड विसरू नका; बुरशी बहुतेक वेळा तिथूनच परत येते. ब्रश आणि फडके नंतर घरात वापरू नका.

पुढची पायरी चामड्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. खुर्चीच्या खालच्या बाजूला न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. तो तसाच मोत्यासारखा राहिला तर चामड्यावर रंगाचा संरक्षक थर आहे. थेंब शोषला जाऊन जागा गडद झाली तर थर नाही आणि त्या चामड्यावर कोणताही द्रव लावू नये. थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन, आधी लपलेल्या जागी लावून, रंग सुटत नाही हे पाहून, घट्ट पिळलेल्या फडक्याने एकदा हात फिरवावा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. मग खुर्ची दोन दिवस पंख्याखाली ठेवावी. उन्हात ठेवू नये. उन्हात बुरशी मरते हे खरे, पण चामडे आक्रसते, तडकते आणि रंग उडतो.

अंगाचा किंवा कपड्यांचा साबण चामड्याला लावू नये. कमावलेले चामडे थोडे आम्लधर्मी असते आणि साबण अल्कधर्मी, त्यामुळे वारंवार साबण लावल्याने चामड्याची घडण बिघडते. व्हिनेगर, लिंबू आणि बेकिंग सोडा यांची शिफारस बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यांपैकी एकाचीही चामड्याला गरज नाही. डांबराच्या गोळ्या किडीसाठी असतात, त्या ओलावा शोषत नाहीत.

मावळतीची खिडकी, २६ जुलै

सर्वांचे सविस्तर लेखन वाचून आनंद झाला. एका मुद्द्यावर मात्र माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या सासूबाई सागवानी आरामखुर्चीला दर शनिवारी खोबरेल तेलाचा हात देत असत, चाळीस वर्षे त्यांनी हा नेम पाळला, आणि ती खुर्ची आजही आमच्या घरी उत्तम स्थितीत आहे. तेव्हा शमी यांच्या नात्यातील ज्येष्ठ बाईंचा सल्ला अगदीच चुकीचा म्हणता येईल का?

रंधा, २६ जुलै

आपल्या सासूबाईंची खुर्ची टिकली याचे श्रेय मी सागवानाला आणि त्यांच्या हाताला देईन. सागाच्या आतल्या तांबूस गाभ्यात स्वतःचे तेल असते आणि त्याला कीडही सहसा लागत नाही. शिवाय तेल लावून त्या फडक्याने ते पूर्ण पुसून घेत असणार, म्हणजे दर शनिवारी खुर्चीची धूळ निघत होती. असे नियमाने पुसलेले लाकूड चांगलेच राहते.

तरीही खोबरेल मी सुचवणार नाही. काही तेले हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होतात, जसे जवसाचे. खोबरेल तसे कधीच वाळत नाही. ते पृष्ठभागावर ओलसर राहते, धूळ धरते, खवट होते आणि सांध्यांत उतरले की पुढे सरस धरत नाही. जुने सामान सरसानेच जोडलेले असते आणि तीच त्याची सोय आहे, कारण सरस कोमट पाण्याने सुटतो आणि सांधा पुन्हा जोडता येतो. चपड्याच्या पॉलिशवर तर कोणतेच तेल लाकडापर्यंत पोहोचत नाही.

जवसाचे तेल पॉलिश नसलेल्या लाकडाला चांगले, पण त्याची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याच्या घटना घडतात. फडकी उलगडून बाहेर दोरीवर वाळवावीत, किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत.

ग्रंथबांधणी, २६ जुलै

चामड्याला खोबरेल लावण्याविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, जी पुणेकरांना लगेच पटेल. डिसेंबरात न्हाणीघरातील खोबरेलाची बाटली गोठते, कारण हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. चामड्यात मुरलेले खोबरेलही तसेच थिजते आणि वर पांढरी साय धरते. लोक तिला बुरशी समजतात, पुन्हा पुसतात, पुन्हा तेल लावतात, आणि हे चक्र चालू राहते. ओळखण्याची खूण अशी: केस वाळवण्याच्या यंत्राची मंद ऊब दिली तर तेलाची साय वितळून नाहीशी होते, बुरशी होत नाही.

सिंहगड रस्ता, २७ जुलै

सोफ्याविषयी थोडक्यात. सोलवटून पापुद्रे पडत असतील तर तो सोफा पीयूचा किंवा चामड्याचा भुगा चिकटवून वर पीयूचा थर दिलेल्या कापडाचा आहे. अखंड चामडे असे सोलवटत नाही, ते तडकते. दमट हवेत या थराचे हळूहळू विघटन होते आणि कोणतेही कंडिशनर ते थांबवू शकत नाही. सांगाडा मजबूत असेल तर कापड बदलून घ्यावे. बदलताना नव्या कापडाच्या तुकड्याची कड पाहावी: मागे विणकाम दिसले तर ते चामडे नाही, तंतूंचा मऊ गुंता दिसला तर बहुधा आहे.

शमी, ३० जुलै

आपणां सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुतारांना नको म्हणून कळवले. खण मागून ढकलून निघाले. ते आता झोपण्याच्या खोलीत उभे आहेत. मेजाच्या मागे स्पिरिटचा थेंब लावला तेव्हा जागा चिकट झाली आणि कापूस तपकिरी झाला, म्हणजे चपडाच आहे. खुर्चीवरील पाण्याचा थेंब मात्र दहा मिनिटे तसाच राहिला. खुर्ची गच्चीत झटकली, सांगितल्याप्रमाणे पुसली, आणि गेले चार दिवस ती पंख्याखाली आहे. भुकटी मैद्यासारखी मऊ आहे, मातीच्या नळ्या कुठेही नाहीत. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी सात-आठ छिद्रे दिसली, आणि ती सगळी लाकडाच्या फिकट पट्ट्यात आहेत, काळसर भागात एकही नाही. याचा काही अर्थ असतो का? शिवाय खोलीची हवा कोरडी ठेवण्यासाठी यंत्र घ्यावे का?

रंधा, ३१ जुलै

त्या फिकट पट्ट्यावरूनच सगळे कळते. झाडाच्या बाहेरच्या पांढरट लाकडात पिष्टमय अंश असतो आणि लाकूड पोखरणारा हा बारीक भुंगा त्यावरच जगतो. शिसवीच्या काळ्या गाभ्यात त्याला खायला काही मिळत नाही. मैद्यासारखी भुकटी आणि दीड-दोन मिलिमीटरची गोल छिद्रे ही त्याची ओळख. भुकटी रव्यासारखी दाणेदार असती तर कोरड्या लाकडातील वाळवीचा संशय घेतला असता. मातीच्या नळ्या असत्या तर जमिनीतून येणारी वाळवी, आणि मग मेजाआधी घराची चिंता करावी लागली असती. तुमचे नुकसान पायाच्या एका पट्ट्यापुरते राहील असे मला वाटते.

कीड अजून जिवंत आहे का, हे आधी पाहा. छिद्रांत मेण भरून ती बंद करा, पायाखाली काळा कागद घाला आणि तारीख लिहा. मेण फुटले किंवा कागदावर ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. जुनी भुकटी मेज हलवल्यानेही गळते, त्यामुळे नुसती भुकटी पाहून निर्णय घेऊ नका. जिवंत असेल तर पेस्ट कंट्रोलच्या जाणकाराकडून सुईने छिद्रांत औषध सोडून घ्या, आणि मेजाच्या ज्या आतल्या बाजूंना पॉलिश नाही तिथे बोरिक-बोरॅक्सचे द्रावण लावून घ्या. पॉलिशवरून लावलेले औषध आत जात नाही. रॉकेल ओतू नका; त्याचा वास महिनोन्महिने जात नाही आणि पॉलिशवर डाग पडतात.

यंत्र घेण्यापूर्वी आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल मापक घ्या आणि मेजाच्या मागे ठेवा. वातानुकूलक असेल तर त्याच्या ड्राय मोडवर रोज दोन-तीन तास पुरेसे ठरतील. आकडा ५० ते ६० च्या दरम्यान राहिला तर उत्तम, ६५ पर्यंतही चालेल. एकाच दिवसात ८५ वरून ४५ वर आणू नका, कारण असा झटका बसल्यावर फळ्या तडकतात.

शमी, २८ ऑक्टोबर

तीन महिन्यांनी लिहीत आहे, कारण यापूर्वी सांगण्यासारखे काही पूर्ण झाले नव्हते.

मेज आणि खुर्ची दोन्ही बाहेरच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीच्या बाजूला, एक वीत पुढे ठेवली. मापकावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ८४ दिसत होते. वातानुकूलक आणि पंखा यांच्या साहाय्याने ते ६२-६५ वर आले आणि तिथेच राहिले. खुर्चीवर सप्टेंबरात एकदा, डाव्या हाताखालच्या शिवणीत, थोडी बुरशी दिसली. ती झटकल्यावर पुन्हा आलेली नाही. खण सप्टेंबरच्या शेवटी आपोआप सुटले आणि आता एका बोटाने सरकतात. जुलैत रंधा मारला असता तर काय झाले असते, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले.

काळ्या कागदावर १९ ऑगस्टला ताजी भुकटी पडली आणि दोन ठिकाणी मेण फुटलेले होते, म्हणून औषध सोडून घेतले. त्यानंतर कागद कोरा आहे. दसऱ्यानंतर जुन्या पद्धतीने काम करणारे एक वयस्क पॉलिशवाले आले. त्यांनी ताजा चपडा भिजवून आणला होता. महिनोन्महिने ठेवलेले द्रावण नीट वाळत नाही, असे त्यांनी सांगितले. पांढऱ्या वर्तुळाचा जो भाग उरला होता तो त्यांनी बोळ्याच्या तीन हातांत घालवला. मुठी काढून वेगळ्या उजळल्या, कारण चिंच किंवा पितळ उजळण्याची पूड लाकडाला लागली तर डाग पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. हिरव्या अस्तराला त्यांनी हात लावण्यास नकार दिला; ते काम करणाऱ्या एका जतनतज्ज्ञ बाईंची वेळ मला पुढच्या महिन्यात मिळाली आहे.

एक शेवटची विचारणा. पॉलिशवर मेण लावायचे असेल तर ते कधी आणि कोणते लावावे?

रंधा, २९ ऑक्टोबर

पॉलिश पक्के होण्यास तीन-चार आठवडे द्या, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी लावा. मधमाशांचे शुद्ध मेण एक भाग आणि टर्पेंटाइन तीन भाग, वजनाने. मेणाचे भांडे गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, मग शेगडी पूर्ण बंद करा, भांडे तिच्यापासून दूर न्या आणि त्यानंतरच टर्पेंटाइन ओता, कारण ते झटकन पेटते. थंड झाल्यावर लोण्यासारखे होईल. धोतराच्या जुन्या मऊ कापडाने अगदी पातळ थर द्या, पंधरा मिनिटे थांबा आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने रेषांच्या दिशेने चकाकी येईपर्यंत घासा. चामड्याच्या कडेपासून दोन बोटे दूर राहा. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे. बाजारात मिळणारे चमक आणणारे फवारे टाळा. त्यांतील सिलिकॉन लाकडात राहते आणि पुढे पॉलिश करायला गेले की त्या जागी खड्ड्यांसारखे डाग उठतात.

काळा कागद मात्र पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत काढू नका. या भुंग्याची एक पिढी पूर्ण होण्यास साधारण वर्ष लागते.